भरतीचे मीटर आणि लाटेचे सेकंद

पावसाळ्यात दरवर्षी बातमी झळकते: ‘मुंबईच्या समुद्रात आज साडेचार मीटरच्या लाटा उसळणार.’ इथे नाशिकमध्ये ती वाचली की कोकणची सहल ठरवलेल्या घरात लगेच काळजी सुरू होते. पण तो आकडा लाटेचा नसतोच. तो भरतीचा असतो. पाण्याची सबंध पातळी ठरावीक तळरेषेच्या किती वर चढेल, एवढेच तो सांगतो. चंद्र-सूर्याच्या ओढीचे हे गणित वर्षभर आधी छापता येते. लाटा उठवतो वारा, आणि त्यांचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते. चुकीचा मथळा देऊन लोकांना घाबरवण्यापेक्षा तो अंदाज छापावा.

त्या अंदाजात उंचीच्या जोडीला सेकंदांतला एक आकडा असतो. तो आवर्तकाल, म्हणजे एक शिखर गेल्यावर दुसरे येईपर्यंतचा वेळ. होडीवाल्याने आधी तोच पाहावा, असे मला वाटते. खोल पाण्यात आवर्तकालाच्या वर्गाला 1.56 ने गुणले की लाटेची लांबी, म्हणजे दोन शिखरांमधले अंतर, मीटरमध्ये मिळते. गंगापूर धरणावर वाऱ्याला धावायला मोकळे पाणीच थोडे. तिथली 2 सेकंदांची लाट जेमतेम 6 मीटर लांब. समुद्रातली 5 सेकंदांची 39 मीटर, तर 15 सेकंदांची 351 मीटर!

आता शेवटच्या दोन्ही लाटा 2 मीटर उंच धरा. 39 मीटरवालीचा चढ उभा, त्यामुळे छोट्या होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यावर आपटत राहते. 351 मीटरवाली खोल समुद्रात होडीला अलगद उचलून ठेवते. मात्र लांबीच्या निम्म्या खोलीपासून, म्हणजे साधारण 175 मीटरपासूनच तिला तळ जाणवू लागतो. किनाऱ्याजवळ तिचा वेग घटतो, मागून येणारी ऊर्जा तेवढीच राहते, म्हणून ती उंचावते आणि खाडीच्या तोंडाशी फुटते. होडी उलटण्याचा धोका तिथे असतो.

केरळात कधी कधी वारा पडलेला असताना समुद्र वस्तीत शिरतो. तिथे त्याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हा ना कोप, ना ग्रहणाचा परिणाम. 40 अंश दक्षिणेपलीकडच्या वादळात उठलेल्या या लाटा असतात. 15 सेकंदांची लाट सेकंदाला 23 मीटर धावते, पण लाटांच्या थव्याची ऊर्जा निम्म्याच वेगाने सरकते: दिवसाला सुमारे 1000 किलोमीटर. त्यामुळे केरळ गाठायला पाच-सहा दिवस लागतात. सर्वांत लांब लाटा आधी पोहोचतात, आखूड मागाहून. आवर्तकाल दिवसागणिक किती उतरतो ते मोजले, की वादळ किती दूर आणि कधी उठले होते, हेही किनाऱ्यावर बसून काढता येते.