काळ्या मातीचा वापसा

मिरगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की आमच्या वावरात जायची पांदण बंद होते. म्हणजे कोणी बंद करत नाही, पण चप्पल घालून गेलं की ती चिखलातच राहते, अनवाणी गेलं तर धुऱ्यापर्यंत पोचेस्तोवर एकेका पायाला किलो-दोन किलो माती लागलेली असते, आणि बंडीचं चाक तर असं भरतं की फिरायचंच थांबतं, बैल ते नुसतं फरफटत नेतात. यवतमाळ-वर्ध्याकडच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. पण ही माती अशी का वागते ते मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे ते सगळ्यांना माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण पेरणीपासून घराच्या पायव्यापर्यंत सगळं तिच्यावरच आहे.

ही माती बेसाल्टची, म्हणजे आपल्या काळ्या दगडाची. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, तो दगड झिजत झिजत ही काळी तयार झाली. (भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडची धानाची जमीन बरीचशी वेगळ्या दगडांची, तिचं गणित वेगळं.) रंग पाहून वाटतं आत भरपूर सेंद्रिय माल असेल, तसं नाही, सेंद्रिय कर्ब बहुतेक वावरांत १ टक्क्याच्या खालीच असतो. खरा खेळ चिकणमातीचा आहे. भारी जमिनीत निम्मी-अर्धी माती ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक कणांची असते, आणि त्यात मुख्य खनिज स्मेक्टाइट गटातलं, मॉन्टमोरिलोनाइट त्याच घरातलं. हे कण गोल नसतात, पोथीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले पापुद्रे असतात, पाणी आलं की ते पापुद्र्यांच्या मधात शिरतं आणि त्यांना फाकवतं. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या फक्त १ ग्रॅममध्ये आतबाहेर मिळून ७०० ते ८०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. म्हणजे चिमूटभर खनिजात सात-आठ गुंठे! एवढ्या जागेला पाणी चिकटणार, मग माती फुगणारच, आणि उन्हाळ्यात तेच पाणी गेलं की आकसून फाटणारच.

म्हणून मे महिन्यात वावरात भेगा पडतात. लहानपणी आम्ही त्यात पराटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, काडी घालून पाहायचो, हातभर काडी पूर्ण आत जायची. पहिला पाऊस या भेगांतूनच खोल जातो. वरची ढेकळं, भुगाही आत पडतो, मग माती फुगते, भेगा मिटतात, आत पडलेली माती आतच दाबली जाते आणि खालची वर ढकलली जाते. दरवर्षी असं, थोडं थोडं. जमीन स्वतःच स्वतःला नांगरते म्हणा ना, म्हणूनच शास्त्रात हिला व्हर्टिसोल म्हणतात, ‘फिरणं-उलटणं’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. भेगा मिटल्या की मात्र दार बंद, नंतर पाणी तासाला जेमतेम काही मिलिमीटर मुरतं, बाकी नाल्याला.

आता पेरणी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी घाई करतोच, मी त्याला दोष देणार नाही, शेजारचा पेरताना दिसला की जीव राहत नाही. पण कारण समजून घ्या. बरड, म्हणजे हलक्या मुरमाड जमिनीत थोडं पाणी पडलं तरी ते बियाला मिळतं. काळीत तेवढंच पाणी पडलं तर चिकणमाती ते इतकं घट्ट धरते की बियाला ओढताच येत नाही, किंवा कोंब येतो अन् आठ दिवस उघाड पडली की वाळतो. मग दुबार पेरणी, दुबार बियाणं, दुबार उधारी. आमचे आबाजी मूठभर माती दाबून गोळा करायचे आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचे. “फुटला त वापसा आला, चिपकला त घरी चाल.” वापसा म्हणजे मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निघून हवा आत आली आणि बारीक पोकळ्यांत ओल राहिली, दोन्ही एकाच वेळी. आबाजींची परीक्षा नेमकी हेच तपासायची.

हवा इतकी महत्त्वाची का? मुळंही श्वास घेतात, आणि ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा साधारण दहा हजार पटीनं हळू सरकतो. झडीत चार दिवस वावर तुंबलं की पराटी पिवळी पडते ती म्हणून, पाण्यात उभी राहून गुदमरते. उतार पाहून सऱ्या काढा, गादीवाफ्यावर पेरा असं सांगतात ते यासाठीच. आणि ओल्यात ट्रॅक्टर घालू नका, चाकाखाली त्या हवेच्या पोकळ्याच दबून जातात.

राहिली पांदण. तिच्यावर नुसता मुरूम टाकून उपयोग नाही, हे मी दोनदा डोळ्यांनी पाहिलंय. खालची काळी फुगते, मऊ होते, मुरूम तिच्यात बुडतो आणि पोळ्यापर्यंत पुन्हा चिखलच वर. आधी काळी माती खरवडून काढावी लागते, दोन्ही बाजूंनी नाल्या खोदून पाणी बाहेर काढावं लागतं, मग मुरूम थरांनी, प्रत्येक थर दाबून. गावात काम सुरू झालं की पहिल्या दिवशी जाऊन पाहा, नाल्या खोदताहेत का नाही. नसतील तर तिथंच विचारा, मुरूम पडायच्या आधी.