मार्क तोलायचा असतो, पौंड मोजायचा

परत तेच वाचलं, ऑस्ट्रियाच्या ड्यूकने पकडलेल्या इंग्लंडच्या रिचर्ड राजाला सोडवायला "दीड लाख मार्कची नाणी" मागितली म्हणे. अहो, मार्क नावाचं नाणंच नव्हतं तेव्हा! आणि खाली कोणीतरी "म्हणजे दीड लाख पौंड" असं ठोकून मोकळा.

इंग्लंडचा 240 पेन्सचा पौंड तुम्हाला माहितीच आहे. ऑस्ट्रियाच्या डचीतही (म्हणजे ड्यूकच्या राज्यात) 240 फेनिगचा (तिथल्या चांदीच्या छोट्या नाण्यांचा) पौंड, फक्त शिलिंग 12 चा नाही तर 30 चा, म्हणून पौंडात शिलिंग 20 ऐवजी 8. एवढं लक्षात ठेवा, पुढे चला.

खरी गोची मार्कची. मार्क हे चांदीचं वजन, व्हिएन्नाचा साधारण 280 ग्रॅम, जर्मनीतल्या कोलोन शहराचा 234 च्या आसपास. पौंडाचं नाव वजनाचं असलं तरी तो नुसता आकडा उरला होता, आपल्या शेकड्यासारखा, 240 नाणी मोजली की पौंड झाला मग ती जड असोत की हलकी. हातात यायचा तो फक्त फेनिग, ग्रॅमभरही न भरणारा, कडा हातोडीने ठोकून चौकोनी झालेला, वर गरुड नाहीतर सिंह आणि अक्षर बहुतेक वेळा एकही नाही.

आता हा फरक कुठे चावतो बघा. ड्यूक ठरावीक काळाने जुनी नाणी बाद करायचा, नवी घ्यायला गेलं की कमी हातात पडायची (चौथ्या रुडॉल्फने 1359 मध्ये हे सोडलं, पण बदल्यात वाइन-बीअरवर दहा टक्के कर लावला, सुटका कसली!). पुढे 1457 ते 1460 मध्ये शिंडरलिंग नावाची नाणी आली, चांदी जवळपास नावालाच, तरी 240 चा पौंड तो पौंडच. म्हणजे ज्याचं येणं शुद्ध चांदीच्या मार्कमध्ये होतं तो वाचला, आणि पौंडात येणं असणाऱ्याने तांबं मोजत बसायचं.

इंग्लंडच्या हिशेबात मार्क म्हणजे 160 पेन्स, पौंडाचा दोन तृतीयांश, म्हणजे तिथेही तो पौंड नव्हेच. आणि 1193 च्या करारात दीड लाखांपैकी एक लाख मार्क कोलोनच्या वजनाने द्यायचे ठरले होते, म्हणजे 23 टनांच्या वर चांदी. तिथे चुकून व्हिएन्नाचा मार्क धरलात तर साडेचार टन चांदी फुकटात वाढते.