नको नको करणारं बाळ

समजा सव्वा वर्षाचं बाळ आहे, सरकारने त्याला आईबापाकडून काढून घेतलंय (व्यसन, मारहाण, हेळसांड, कारण काहीही असेल) आणि दोन आठवड्यांपूर्वी ते एका फॉस्टर आईकडे (म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणाऱ्या बाईकडे) आलंय. चालता चालता टीपॉयवर डोकं आपटतं. आईजवळ वाढलेलं पोर भोकाड पसरून तिच्याकडे धावेल, हे मात्र तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसतं आणि उचललं तर अंग ताठ करून ढकलतं. ती बाई पण माणूसच ना, तिला वाटतं ह्याला मी नकोच आहे, मग हळूहळू उचलणंच कमी होतं.

अमेरिकेत डेलावेअर युनिव्हर्सिटीच्या मेरी डोझियर आणि त्यांच्या टीमने नेमकं हेच पकडलं. फॉस्टर आयांना रोज डायरी लिहायला लावली, बाळाला लागलं तेव्हा त्याने काय केलं आणि मग तुम्ही काय केलंत. दिसलं असं की बाळ जसं वागतं तसंच बाई पण वागते, नकळत. म्हणजे ज्याला मायेची सगळ्यात जास्त गरज तेच बाळ माया दूर लोटतं, आणि आपण ते खरं मानून बसतो.

हे शरीरात पण दिसतं. कॉर्टिसॉल नावाचं ताणाशी जोडलेलं हार्मोन सकाळी भरपूर असतं आणि रात्रीपर्यंत उतरतं, पण फॉस्टर केअरमधल्या बऱ्याच बाळांमध्ये हा उतार सपाट झालेला सापडला.

मग डोझियरनी 10 भेटींचा प्रोग्रॅम बनवला, कोच घरी येतो, आणि गंमत म्हणजे तो बाळावर काही करतच नाही, सगळं काम त्या दोघांच्या नात्यावर. जमिनीवर बसून बघतो आणि तिथल्या तिथे बोलतो, ‘आत्ता तो तुमच्याकडे न बघता कुरकुरला, तरी तुम्ही पाठीवरून हात फिरवलात, ह्यातूनच त्याला कळतं की कोणीतरी आहे.’ साधारण मिनिटाला एक तरी अशी कॉमेंट! लेक्चरपेक्षा हे शंभरपट बरं असं माझं मत. चाचण्यांमध्ये ज्या मुलांच्या घरी हे झालं त्यांचा कॉर्टिसॉलचा उतार बराचसा नॉर्मल दिसला.

नातं बदललं की बाळ बदलतं ह्याचा पुरावा रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये पण आहे. तिथे अनाथालयातल्या 136 बाळांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून फॉस्टर घरांत दिली. साडेतीन वर्षांची झाली तेव्हा सुरक्षित नातं जडलेली मुलं घरांत 49 टक्के होती आणि संस्थेत फक्त 18.

पण घर टिकलं तर. ‘आज ना उद्या जाणारच आहे, जीव कशाला लावू’ हे बोलणं समजण्यासारखं आहे हो, फक्त बाळाला ते परवडत नाही. डोझियरच्या टीमने ह्यासाठी एक मुलाखत तयार केली, नाव ‘हे माझं बाळ’, त्यात बाईला विचारतात की हे मूल तुमच्याकडून गेलं तर तुमच्या मनाला किती लागेल. जिला जास्त लागणार तिच्याकडे मूल टिकण्याची शक्यता जास्त. आणि आतापर्यंत खूप मुलं सांभाळलेल्या, म्हणजे ज्यांना यंत्रणा एकदम अनुभवी म्हणेल अशा बायकांमध्ये हे ‘माझं’पण सरासरीने कमी निघालं.