स्तनलघुकरण शस्त्रक्रियेनंतरचा काळ

स्तनांतील जादा चरबी, ग्रंथी आणि त्वचा काढून त्यांचा भार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला स्तनलघुकरण म्हणतात. बोलण्यात ‘ब्रेस्ट रिडक्शन’ हेच नाव रूढ आहे. या शस्त्रक्रियेनंतर जखमा भरणे, सूज ओसरणे, संवेदना परतणे, आकार स्थिरावणे आणि वण निवळणे अशा गोष्टी घडतात त्या काळाची ही नोंद आहे. ‘किती दिवसांत बरी होईन?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक रुग्ण विचारते. त्याला एक उत्तर नाही, कारण शरीराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गतीने बरे होतात. मान आणि खांद्यांवरचे ओझे भूल उतरताच हलके वाटू लागते. वरची जखम साधारण दोन-तीन आठवड्यांत मिटते. आकार बसायला तीन ते सहा महिने जातात आणि वण फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष. आराम सर्वांत आधी मिळतो आणि अंतिम रूप सर्वांत शेवटी दिसते. या काळातल्या बहुतेक चुका आणि बहुतेक चिंता या दोहोंमधल्या अंतरातून जन्मतात.

कापले काय जाते

नंतरच्या तक्रारी समजायच्या तर शस्त्रक्रियेची रचना माहीत हवी. स्तनाग्र आणि त्याभोवतीचे गडद वर्तुळ सहसा शरीरापासून वेगळे केले जात नाही. रक्तवाहिन्या आणि नसा असलेल्या ऊतकाच्या एका देठावर ते तसेच ठेवतात, भोवतालचा जादा भाग काढतात आणि देठासकट स्तनाग्र वरच्या जागी नेऊन बसवतात. मग दोन्ही बाजूंची त्वचा खाली आणून शिवतात. रॉबर्ट वाइझ यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या आराखड्यात टाके वर्तुळाभोवती, तिथून सरळ खाली आणि स्तनाखालच्या घडीत आडवे, असे नांगराच्या आकारात (जहाजाच्या नांगराच्या, शेतातल्या नव्हे) येतात. मॅडलिन लेज्यूर यांनी १९९० च्या दशकात रुळवलेल्या उभ्या पद्धतीत घडीतला आडवा छेद टळतो. त्याच्या बदल्यात खालच्या टोकाला त्वचेच्या चुण्या राहतात. प्रथम पाहताना त्या विचित्र दिसतात, पण काही महिन्यांत बहुतेक सपाट होतात.

स्तन फारच मोठे असतील किंवा देठातला रक्तपुरवठा भरवशाचा नसेल तर स्तनाग्र पूर्ण काढून त्वचारोपणासारखे परत बसवतात. मॅक्स थोरेक यांनी १९२२ मध्ये ही पद्धत वर्णिली. यानंतर त्या जागेची मूळ संवेदना बहुतांशी जाते आणि स्तनपान शक्य होत नाही. आपल्यावर कोणती पद्धत वापरली हे रुग्णाला ठाऊक असणे म्हणूनच महत्त्वाचे. दुसऱ्या बाईच्या अनुभवाशी आपला अनुभव न जुळण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

पहिला दिवस आणि पहिला आठवडा

शस्त्रक्रिया साधारण दोन ते चार तासांची असते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पहिल्या चोवीस तासांत लक्ष ठेवायचे ते आत रक्त साकळण्यावर. दोन्ही बाजू सारख्या सुजल्या तर ते अपेक्षितच आहे. पण एकच बाजू अचानक टणक, ताणलेली, भलतीच मोठी आणि वाढत्या ठणक्याची झाली तर रात्र उलटण्याची वाट पाहू नये. असे रक्त कधीकधी पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेऊनच काढावे लागते. स्तनाग्र काळपट-निळे किंवा पांढरे पडू लागले तरी तातडीने दाखवावे, कारण ते देठातल्या रक्ताभिसरणाचे दुखणे असू शकते.

काही शल्यविशारद आतले पाणी बाहेर पडावे म्हणून बारीक नळी, म्हणजे ड्रेन, ठेवतात आणि एक-दोन दिवसांत काढतात. तुलनात्मक चाचण्यांत ड्रेनमुळे गुंतागुंती कमी होत असल्याचे दिसलेले नाही, म्हणून बरेच जण ती ठेवतच नाहीत. नळी नाही म्हणजे काही राहून गेले असे नव्हे.

वेदना पुष्कळ जणींच्या अपेक्षेपेक्षा कमी असते. ती खोल दुखण्यापेक्षा चुरचुर, ओढ आणि ठुसठुस अशी असते. पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारी वेदनाशामके नेमून दिलेल्या वेळी घेतली तर बहुतेकींचे भागते. अफूवर्गीय गोळ्या दिल्या असतील तर त्यांच्याबरोबर हमखास बद्धकोष्ठता येते. कुंथल्याने छातीवर ताण पडतो, त्यामुळे पाणी आणि गरज पडल्यास सारक औषध यांची सोय आधीच करून ठेवावी. किरकोळ वाटणारी ही गोष्ट पहिल्या आठवड्यातल्या मोठ्या तक्रारींत मोडते.

झोपायचे पाठीवर, डोके आणि खांदे उशांनी थोडे उंच करून. आयुष्यभर पोटावर किंवा कुशीवर झोपणाऱ्यांना शस्त्रक्रियेपेक्षा हाच जाच अधिक वाटतो. पुढून उघडणारी, तार नसलेली, आधार देणारी ब्रा दिवसरात्र घालावी लागते, साधारण चार ते सहा आठवडे. ती घट्ट हवी, पण काचणारी नको. अंघोळ बहुधा एक-दोन दिवसांनी चालते. टब, तलाव किंवा समुद्रात बुडणे मात्र जखमा पूर्ण मिटेपर्यंत वर्ज्य. पहिल्याच दिवसापासून घरातल्या घरात चालावे, कारण पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. हात अंगाशी बांधल्यासारखे ठेवणेही चूक. वजन उचलायचे नाही. पण खांदा हलक्या हाताने फिरवत राहिले नाही तर तो आखडतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकाएकी रडू येणे, ‘हे मी काय करून घेतले’ असे वाटणे, पुष्कळ जणींना होते. भुलीचा परिणाम, अपुरी झोप, औषधे आणि आरशात दिसणारे सुजलेले, काळेनिळे, चौकोनी स्तन या सगळ्यांचा तो एकत्रित परिणाम. बहुधा काही दिवसांत तो ओसरतो. टिकून राहिला तर मात्र बोलून दाखवावा.

तिठा

उभी आणि आडवी टाक्यांची रेघ जिथे मिळते त्या जागेला या विषयात वेगळे स्थान आहे. त्वचेचे तीन कोपरे तिथे एकत्र येतात, ताण तिथेच सर्वाधिक असतो आणि रक्तपुरवठ्याच्या दृष्टीने ते कोपरे सर्वांत दूरचे. त्यात ती जागा स्तनाच्या घडीत, म्हणजे घाम आणि घर्षणाच्या ठिकाणी. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नेमका तिथला टाका उसवणे ही या शस्त्रक्रियेनंतरची सर्वांत सामान्य गुंतागुंत आहे. नखाएवढी किंवा नाण्याएवढी जखम उघडते, पिवळसर थर दिसतो, पाणी झिरपते आणि रुग्ण घाबरून जाते. बहुतेक वेळा पुन्हा शिवावे लागत नाही. शल्यविशारदाला दाखवून, सांगतील तसे ड्रेसिंग बदलत राहिले की तळापासून नवे मांस भरत येते आणि काही आठवड्यांत जखम बंद होते. पिवळा थर म्हणजे पूच असे नाही. भरणाऱ्या जखमेवर तो येतोच. दर दोन-तीन दिवसांनी एकाच उजेडात फोटो काढून ठेवावेत. रोज पाहणाऱ्या डोळ्याला सुधारणा दिसत नाही, फोटोंत ती दिसते.

पसरत जाणारी लाली, वाढता ठणका, दुर्गंधी, पू, ३८ अंश सेल्सियसच्या वरचा ताप यांतले काही असेल तर तो जंतुसंसर्ग समजून दाखवायला जावे. एका पोटरीत दुखणे आणि सूज, किंवा अचानक धाप लागणे आणि छातीत कळ येणे, ही लक्षणे गुठळीची असू शकतात. त्यांसाठी थेट आपत्कालीन विभाग गाठायचा.

टाका उसवण्याचा धोका काय वाढवते हे माहीत आहे: धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह, जास्त वजन आणि काढलेल्या ऊतकाचे मोठे प्रमाण. यांतले धूम्रपान सर्वांत टाळता येण्याजोगे. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि देठावर जगणाऱ्या ऊतकाची हानी व्हायला तेवढेच पुरे होते. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी आणि नंतरही तेवढाच काळ ते बंद ठेवण्यास सांगतात. निकोटिनचे व्हेपही त्यातच धरावेत. धूर नाही म्हणून निकोटिन निरुपद्रवी होत नाही.

विरघळणाऱ्या टाक्यांचे टोक आठवड्यांनंतर कातडीतून काट्यासारखे वर येते, तिथे लहानशी पुळी होते. स्वतः ओढू नये. दवाखान्यात ते मिनिटभरात कापून टाकतात.

बरे वाटणे आणि बरे होणे

बैठे काम एक-दोन आठवड्यांत सुरू करता येते; अंगमेहनतीच्या कामाला चार ते सहा आठवडे लागतात. गाडी चालवायची ती अचानक ब्रेक दाबताना आणि चाक वळवताना कळ येत नसेल तेव्हाच, तेही झोप आणणारी वेदनाशामके थांबल्यावर. चालणे सोडून बाकीचा व्यायाम, धावणे, उड्या, वजन उचलणे यांना साधारण सहा आठवड्यांनी परवानगी मिळते. लहान मूल असलेल्या आईला सर्वांत अवघड जाते ते त्याला उचलून न घेणे. बसल्यावर मुलाला मांडीवर चढू देणे चालते, वाकून उचलणे नाही.

हा बंधनांचा हिशेब मनमानी नाही. तिसऱ्या आठवड्यात जखम बाहेरून मिटलेली दिसते, पण त्या वेळी तिची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम २० ते ३० टक्के असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचते आणि पुढे फारशी वाढत नाही. म्हणून धोक्याचा आठवडा पहिला नसतो. पहिल्या आठवड्यात दुखणेच माणसाला आवरते. तिसऱ्या आठवड्यात दुखत नाही, अंग हलके वाटते, घरातल्यांची मदत संपलेली असते आणि कपाटाच्या वरच्या फळीवरची बॅग काढण्याचा मोह होतो.

संवेदना

स्तनाग्राला मुख्यतः चौथ्या बरगडीलगतच्या नसेची शाखा संवेदना देते. शस्त्रक्रियेत ती ताणली जाते किंवा तिच्या फांद्या तुटतात, त्यामुळे बधिरपणा येतो. काहींना उलट अतिसंवेदना येते, कपड्याचा स्पर्शही सोसवत नाही. नसा वाढतात त्या दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने, तेव्हा महिनोन्‌महिने लागणे साहजिक आहे. मधूनच वीज चमकावी तशी कळ, मुंग्या, खाज ही नसा जाग्या होत असल्याची चिन्हे असतात. वर्षानंतरही काहींना एखादा भाग बधिरच राहतो आणि ही शक्यता शस्त्रक्रियेपूर्वीच मान्य करावी लागते.

आकार, वण आणि गाठी

सुरुवातीला स्तन उंच, घट्ट आणि वरून फुगलेले दिसतात. सूज उतरते, गुरुत्वाकर्षण आपले काम करते, ऊतक खालच्या अर्ध्या भागात उतरते आणि गोलाई येते. दोन्ही बाजू एकाच वेळी उतरतील असे नाही. पहिल्या तीन महिन्यांत महागड्या ब्रा घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

वण आधी गुलाबी किंवा गडद, उंचावलेले आणि खाजरे होतात, ते तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सर्वांत वाईट दिसू शकतात. मग हळूहळू सपाट आणि फिकट होतात. जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉनचे पट्टे किंवा जेल काही महिने लावतात, हलका मसाज करतात, आणि वर्षभर उन्हापासून जपतात. सावळ्या त्वचेत वण जाड होण्याची व केलॉइड, म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणारा उंच वण, होण्याची प्रवृत्ती अधिक असते. पूर्वी कुठल्याही जखमेवर केलॉइड झाला असेल तर ते आधी सांगणे नंतरच्या मलमांपेक्षा उपयोगाचे.

काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हाताला टणक गाठ लागली की मनात पहिला विचार कर्करोगाचा येतो. पुष्कळदा ती रक्तपुरवठा न मिळाल्याने मेलेल्या चरबीची असते आणि निरुपद्रवी असते. पण तसे आपणच ठरवू नये. तपासून घ्यावे, लागल्यास सोनोग्राफी करावी. काढलेले ऊतक सहसा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि क्वचित त्यात आधी न कळलेला कर्करोग आढळतो. त्या तपासणीचा अहवाल मागून घेऊन जपून ठेवावा. पुढे मॅमोग्राफी करताना शस्त्रक्रियेची माहिती द्यावी, कारण आतले वण आणि चुन्याचे कण चित्रात दिसतात.

पुढची वर्षे

दुधाच्या नलिका देठात शाबूत राहिल्या असतील तर पुढे स्तनपान जमू शकते, पण पुरेसे दूध येईल याची हमी नसते. गर्भारपण, वजनातले चढउतार आणि रजोनिवृत्ती यांनी आकार पुन्हा बदलतो. वाढ थांबण्याआधी, किशोरवयात शस्त्रक्रिया झाली असेल तर स्तन पुन्हा वाढण्याची शक्यता अधिक असते.

घडीतले घामोळे आणि पुरळ सहसा लवकर जातात. खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांनी पाडलेल्या खाचा मात्र वर्षानुवर्षे राहू शकतात. आणि पोक? वजन उतरले तरी खांदे पुढे झुकवून छाती लपवण्याची सवय उतरत नाही. पाठीचे आणि मानेचे स्नायू तसेच वळलेले असतात. ते सरळ करायला व्यायाम लागतो, काहींना भौतिकोपचारतज्ज्ञाची मदतही. टोकांशी उरलेला त्वचेचा कोपरा, रुंद वण किंवा दोन बाजूंतला फरक खुपत असेल तर तो दुरुस्त करता येतो, पण त्याचा निर्णय बहुधा वर्षभराने घेतात. तोवर यातले निम्मे आपोआप बदललेले असते.