खळे

खळे (वऱ्हाडीत खयं, संस्कृत ‘खल’ या शब्दावरून) : कणसे बैलांच्या पायांखाली तुडवून दाणे मोकळे करण्यासाठी शेतात केलेली वाटोळी, टणक जमीन. सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती पडणाऱ्या कड्यालाही मराठीत खळेच म्हणतात. गोलाई सांगणाऱ्या मराठी शब्दांत हा शब्द सर्वांत जास्त राबलेला आहे, म्हणून या नोंदीत त्याला जास्त जागा दिली आहे; गोलाईचे बाकीचे शब्द शेवटी थोडक्यात येतात.

विदर्भात ज्वारी निघाली की वावराचा एक उंचवटा निवडत. गवत-धसकटे काढायची, पाणी शिंपडायचे, माती धुमसून घट्ट करायची आणि वरून शेणाचा सडा टाकून सारवायचे. कपाशीच्या काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि भेगांत दाणा जातो, त्यामुळे इथे सारवणाचे काम फार मन लावून करावे लागे. मधोमध एक लाकूड रोवलेले असे, ती मेढ. तिला बैलांची रांग बांधली की झाली पात. बैलांच्या तोंडाला मुसकी घालत आणि पात तासन् तास फिरत राही. दाव्याचा फास मेढीवर सैल ठेवावा लागे. तो आवळला तर दोर मेढीला गुंडाळत जाऊन पात आत ओढली जाते आणि घेर लहान होतो. मेढीजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी वळतो, कडेचा बैल मात्र तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त चालतो. म्हणून आत संथ जनावर आणि बाहेर चालीचे, अशी जोडणी करत. आतले आणि बाहेरचे वर्तुळ यांतला फरक शेतकऱ्याला असा बैलांच्या पायांवरून ठाऊक होता.

ही मेढ जुन्या कोशांत स्वच्छ नोंदलेली आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या ‘वैश्यवर्ग’ या भागात ओळ आहे : ‘पुंसि मेधिः खले दारु न्यस्तं यत्पशुबन्धने’. म्हणजे जनावरे बांधण्यासाठी खळ्यात रोवलेले लाकूड ते मेधि, आणि शब्द पुंल्लिंगी. मराठीत येईपर्यंत त्याची मेढ झाली आणि लिंगही बदलले. व्याख्येत लांबी-रुंदीचा पत्ता नाही. वस्तू कुठे असते आणि तिचा उपयोग काय, एवढेच कोशकार सांगतो, आणि तेवढ्याने ती आजही ओळखता येते.

आकाशातल्या कड्यासाठी अमरकोशात चार शब्द दिले आहेत : परिवेष, परिधि, उपसूर्यक आणि मंडल. मराठीने ते बाजूला ठेवून आपल्या शेतातला शब्द वर नेला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) खळ्याचे मळणीची जागा आणि चंद्र-सूर्याचे कडे हे दोन्ही अर्थ मिळतात. ग्रीक भाषेतही असेच झाले आहे. तिथला ‘हालोस’ हा शब्द मळणीच्या खळ्याचा, आणि इंग्रजी ‘हेलो’ त्यावरूनच आला. इतक्या दूरच्या दोन शेतकरी समाजांना वर पाहताना तीच जागा आठवावी, हे मला फार मोलाचे वाटते. हे कडे उंचावरच्या विरळ ढगांतील हिमस्फटिकांतून प्रकाश वळल्याने दिसते. नेहमीचे कडे चंद्रापासून सुमारे २२ अंशांवर असते. असे ढग कधीकधी पावसाच्या आधी येतात. ‘खळं दूर तर पाऊस जवळ’ या समजुतीला तेवढा आधार आहे, त्याहून जास्त नाही.

वाटोळे हा शब्द संस्कृत ‘वर्तुल’ वरून आला. वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होऊन त्याचे वाटोयं होते. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात (१९३२–३८) त्याचा गोल हा अर्थ आहे तसा नाश हाही आहे. गावात दुसराच जास्त ऐकू येतो : गारपिटीनंतर ‘वावराचं वाटोयं झालं’ म्हणतात, तेव्हा आकाराशी कुणाचा संबंध नसतो.

अमरकोशाने गोलासाठी ‘वर्तुलं निस्तलं वृत्तम्’ असे तीन शब्द एका दमात दिले आहेत. त्यातला ‘निस्तल’ समजायला मडके पाहावे. निस्तल म्हणजे ज्याला बसका तळ नाही ते. मडके नुसते जमिनीवर ठेवले तर कलंडते, डोक्यावर तर राहणारच नाही. म्हणून लुगड्याचा किंवा चिंधीचा पीळ देऊन केलेली चुंबळ खाली लागते. गोलाला स्थिर करायला दुसरा गोल, अशी ही जोडी पाणी भरणाऱ्या बायांनी रोज वापरली.

शाळेत शिकवले जाणारे शब्द वेगळ्या वाटेने आले आहेत. परीघ म्हणजे वर्तुळाची कड, पण अमरकोशातला ‘परिघ’ हे लोखंडी शस्त्र आहे. त्रिज्या हा ज्योतिषाचा शब्द : तीन राशींची, म्हणजे ९० अंशांची ज्या (अर्धी जीवा). बंडीच्या (बैलगाडीच्या) चाकावर तापवून चढवतात त्या लोखंडी पट्ट्याला मात्र मराठीत धाव म्हणतात. थंड होताना ती आवळते आणि लाकडी चाक घट्ट धरते. चाकाच्या कडेला संस्कृतात नेमि आहे.

विदर्भात ज्वारीचा पेरा कमी होऊन सोयाबीन वाढले आणि मळणी थ्रेशरवर गेली. आता वावरात ताडपत्री अंथरतात, ती चौकोनी असते. मेढ रोवावी लागत नाही, पात धरावी लागत नाही. तरी माल काढायच्या जागेला जुनी माणसे खयंच म्हणतात, आणि ढगाळ रात्री अंगणात कुणीतरी मान वर करून सांगतेच, ‘चंद्राले खयं पडलं पाय (पाहा).’