कार्ड बसवण्याआधीचा अर्धा तास

गेल्या जुलैत फोंड्याच्या एका ऑफिसातला सर्व्हर नेटवर्कवरून गायब झाला. नेटवर्क कार्ड गेलं होतं. पणजीहून नवं आणलं, तेही गाडीत एसीच्या झोतासमोर ठेवून. सर्व्हरच्या खोलीतला एसी मात्र दोन दिवस बंद. पाकीट फोडलं नि बघता बघता कार्डाच्या धातूच्या पट्टीवर धुकं चढलं, फ्रिजमधल्या बाटलीवर चढतं तसं.

"पूस आणि बसव रे," ऑफिसातले भाऊ म्हणाले. मी अर्धा तास थांबलो.

पावसाळ्यातली हवा 28 अंशांवर असेल आणि आर्द्रता 90 टक्के, तर तिचा दवबिंदू साधारण 26 अंश. त्याहून थंड वस्तूवर पाणी जमणारच. खरं तर कार्ड बंद पाकिटातच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. घाई माझीच झाली होती.

तेवढ्यात वीज तोडली. अशा सर्व्हरला बहुधा दोन पॉवर सप्लाय असतात, म्हणून वायरीही दोन. नुसतं शटडाऊन करून भागत नाही, कारण वायर जोडलेली असेपर्यंत स्लॉटमध्ये, म्हणजे कार्ड बसतं त्या खाचेत, 3.3 व्होल्टची स्टँडबाय वीज असू शकते.

झाकण काढलं. सर्व्हर एका 'यू'चा, म्हणजे रॅकमधल्या एका खणाएवढा, उंची 44.45 मिलिमीटर; त्यात कार्ड उभं राहणार कसं? म्हणून राइझर नावाच्या उभ्या पट्टीवर ते आडवं बसतं. आठ लेनच्या, म्हणजे डेटाच्या आठ वाटा असलेल्या, स्लॉटला 98 संपर्क असतात, प्रत्येक बाजूला 49. कार्डाच्या संपर्क-पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो, कारण सोनं गंजत नाही. पण हा थर इतका पातळ की त्याला सूक्ष्म छिद्रं राहतात, आणि किनाऱ्याची खारट दमट हवा त्यांतून खालच्या निकेल-तांब्याला गाठते. काही जण पट्ट्या शाळेतल्या खोडरबरने घासतात. घासताना मळाबरोबर सोनंही जातं! आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड बरं.

"एवढ्या दमट हवेत कसला शॉक?" स्थिर विजेपासून चिप वाचवायला मी मनगटावर बांधलेला पट्टा बघून भाऊंनी विचारलं. त्या दिवशीपुरतं त्यांचं बरोबर होतं. पण एसी चालू झाला की हवा कोरडी होते आणि अंगावर स्थिर वीज साठते. सुमारे 3000 व्होल्टच्या खाली आपल्याला चटका जाणवत नाही, नाजूक चिप मात्र काहीशे व्होल्टनेही मरते. पट्ट्यात एक मेगाओहमचा रोधक असतो, तो अंगावरचा भार हळूहळू जमिनीत सोडतो.

कार्ड बसलं, दिवा हिरवा झाला. तरी भाऊंचा प्रिंटर सर्व्हर सापडत नाही म्हणून अडलेलाच. नव्या कार्डाचा मॅक ॲड्रेस, म्हणजे प्रत्येक कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, वेगळा, आणि राउटरने सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता अजून जुन्याच कार्डासाठी राखून ठेवला होता.