पिवळ्या जर्सीआधीची सहा वर्षं

चाळीसगावहून रविवारी पहाटे कन्नड घाटाला निघणाऱ्या आमच्या सायकल ग्रुपमध्ये सध्या बारावीतला एक पोरगा येतो. पायांत जोर भरपूर, पण दर वेळी त्याला वर पहिलंच पोहोचायचं असतं. मागच्या रविवारी घाटमाथ्यावर चहा घेताना नाना त्याला म्हणाले, "दम धर रे भो. इंदुराइनने सहा वर्षं दुसऱ्यासाठी वारा अंगावर घेतला." पोराने हे नावच ऐकलं नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

मिगेल इंदुराइन स्पेनमधल्या नवारा प्रांतातल्या व्हियावा गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १६ जुलै १९६४. दहाव्या वाढदिवसाला त्याला एक जुनी हिरवी सायकल मिळाली आणि पुढे ती चोरीला गेली. नवी घेण्यासाठी तो वडिलांबरोबर शेतात राबला. सुट्टीत केळीच्या बागेत मजुरी करून सायकलचे पैसे जमवणारी पोरं रावेर-यावलकडे आजही भेटतील.

टूर द फ्रान्स म्हणजे फ्रान्समध्ये तीन आठवडे टप्प्याटप्प्याने चालणारी सायकल शर्यत. १९८५ ची पहिली टूर त्याला पहिल्या आठवड्यातच सोडावी लागली. १९८६ चीही अर्धवट राहिली. मग १९८७ ते १९९० या चार वर्षांत ९७वा, ४७वा, १७वा, १०वा. पण हे आकडे नुसते वाचून चालणार नाही. तेव्हा टीमचा म्होरक्या होता पेद्रो देल्गादो. इंदुराइनचं काम त्याच्यापुढे राहून वारा फोडायचं, म्हणजे देल्गादोने चाकाला चाक लावून मागे बसावं आणि दम राखावा. मे महिन्यात धुळे रस्त्यावर समोरून झळा येत असताना दहा मिनिटं पुढे राहून बघा, म्हणजे या कामाची किंमत कळेल. १९८८ ची टूर देल्गादोने जिंकली. १९९० मध्ये इंदुराइनचे पाय त्याच्यापेक्षा चांगले चालत होते, तरी आल्प्सच्या डोंगरात तो त्याच्यासाठी थांबला. देल्गादो चौथा आला, हा दहावा. मला त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा हे थांबणं मोठं वाटतं.

१९९१ मध्ये पिरेनीजमधल्या टूरमाले घाटाच्या माथ्यावर आधीच्या वर्षीचा विजेता लेमाँ किंचित मागे पडला आणि इंदुराइनने उतारावर सायकल सोडून दिली. चढावर नाही, उतारावर! खाली इटलीचा कियापुची येऊन मिळाला, दोघांनी मिळून पुढचं अंतर कापलं. टप्पा कियापुचीला, आणि एकूण वेळेत सगळ्यांत पुढे असणाऱ्याला मिळणारी पिवळी जर्सी इंदुराइनला. याचा व्हिडिओ रविवारी दाखवतोच.

तिथून १९९५ पर्यंत सलग पाच टूर. १९९२ आणि १९९३ मध्ये इटलीची अशीच मोठी शर्यत, जिरोसुद्धा त्याचीच. उंचापुरा, वजनदार माणूस. डोंगरात फक्त पुढच्यांना धरून राहायचा आणि एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या टप्प्यात (टाइम ट्रायल) हिशेब चुकता करायचा. १९९२ मध्ये लक्झेंबर्गच्या ६५ किलोमीटरच्या अशा टप्प्यात दुसरा आलेला गडी तब्बल तीन मिनिटं मागे होता. १९९४ मध्ये बोर्दोच्या ट्रॅकवर त्याने एका तासात ५३.०४० किलोमीटर कापले.

१९९६ च्या टूरमध्ये आल्प्समधल्या लेझार्कच्या चढावर त्याचे पाय अचानक बसले. त्याच टूरचा पाम्प्लोनाचा टप्पा मुद्दाम त्याच्या गावावरून नेला होता. तो त्या दिवशीही मागे पडला होता, पण रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं त्याचीच वाट बघत उभी होती. शेवटी अकरावा आला. काही दिवसांतच अटलांटा ऑलिंपिकमध्ये टाइम ट्रायलचं सुवर्ण जिंकलं आणि जानेवारी १९९७ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली.